इन होती की आउट?

अहो, जरा इकडे या ना फेन्सपाशी. पाइप राहू दे चालू. ऑक्टोबर उजाडला, त्या टोमॅटोंचं आता काय व्हायचंय! ऐकलंत का, पलीकडच्या वहिनींची धाकटी बॉस्टनला निघाली. हो, बॉस्टनला! वहिनी सगळ्यांना सांगतायत, जॉबसाठी म्हणून. कसला जॉब आणि कसलं काय. बेसमेंटमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करते ती, तिला एडिसन काय आणि बॉस्टन काय. खरं कारण ती ताटली आहे. आणि त्याच्याही खालचं कारण वहिनींच्या फोनमध्ये आहे, एक एवढासा व्हिडिओ. तो त्या कुण्णाला म्हणून दाखवत नाहीयेत. मला नाही दाखवला, म्हणजे बघा!

थांबा, सुरुवातीपासनं सांगते, नाहीतर मजा नाही येणार.

एप्रिलमध्ये त्या पोरीची टीममध्ये निवड झाली. अल्टिमेटच्या. फ्रिस्बी म्हणायचं नाही हं तिच्यासमोर, तो कुठल्याशा कंपनीचा ट्रेडमार्क आहे म्हणे, लगेच भुवया वर जातात. डिस्क म्हणायचं. तर निवडीचा ईमेल आला तेव्हा वहिनी पुरण वाटत होत्या. त्यांना वाटलं, एवढी ट्रायआउट बिआउट देऊन घेतलंय, म्हणजे काहीतरी मिळत असेल. त्यांनी विचारलं, "पगार किती देतात गं?" तर ती म्हणाली, "आई, आपणच पैसे भरायचे असतात." अहो, वहिनींचा हात तसाच थांबला यंत्रावर. फी आपली, विमान आपलं, हॉटेल आपलं, बूट आपले, जर्सीसुद्धा आपलीच! देशातल्या पहिल्या सोळांत येणाऱ्या टीमसुद्धा स्वतःच्या खिशातनं खेळतात म्हणे.

मग त्या माझ्याकडे आल्या ती डिस्क घेऊन, रागारागानं. "बघा हो, या प्लास्टिकच्या ताटलीपायी माझी मुलगी वीकेंडला घरी नसते." मी हातात घेतली. वजन लागलं चांगलं, खेळण्यातली नसते तशी. वहिनींनी ती माझ्या ओट्यावरच्या काट्यावर ठेवली, तोच, बेसनाच्या लाडवांना वापरते तो. बरोबर 175! वहिनी म्हणाल्या, "पावशेरसुद्धा नाही." पण बघा, पालथी करून कडेवरनं बोट फिरवत होत्या. मी तेव्हाच ओळखलं, आता ह्या अडकणार.

भाऊजींचं काय विचारता. ते पेपरातनं डोकंच वर काढेनात. त्यांना कुणी वळवलं माहित्येय? आमच्या ह्यांनी. यांना असल्या गोष्टी कुठनं कळतात देव जाणे. जेवायला बोलावलं होतं दोघांना, तेव्हा हे म्हणाले, "अहो, तुम्ही रटगर्सचे ना? मग हा खेळ तुमच्या कॉलेजचाच की." भाऊजींनी आमटीची वाटी खाली ठेवली. हे सांगायला लागले. 6 नोव्हेंबर 1869, न्यू ब्रन्सविकला रटगर्स आणि प्रिन्स्टन, अमेरिकेतला पहिला कॉलेज फुटबॉलचा सामना, रटगर्स 6-4 नं जिंकलं. ते भाऊजींना पाठच होतं, रटगर्सच्या माणसाला सकाळी उठवून विचारा, सांगेल. पण पुढचं नव्हतं माहीत. त्याच तारखेला, 1972 साली, त्याच जागेवर, तिथं तोवर पार्किंग लॉट झालेला, याच दोन कॉलेजांत पहिला कॉलेज अल्टिमेटचा सामना झाला. आणि पुन्हा रटगर्सच. 29-27! म्हणजे दोन्ही वेळा प्रिन्स्टन हरलं आणि दोन्ही वेळा दोनच्याच फरकानं. भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "प्रिन्स्टनवाले कसे दिसत असतील हो तेव्हा?" झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी ड्राइव्हवेत पोरीबरोबर डिस्क फेकत होते. लेंग्यावर. एक आमच्या गटरमध्ये अडकली, अजून आहे तिथंच.

आणि मेपलवूडचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या इथून अर्ध्या तासावर. 1968 मध्ये तिथल्या कोलंबिया हायस्कूलच्या पोरांनी काढला हा खेळ. जोएल सिल्व्हर म्हणून मुलगा होता स्टुडंट कौन्सिलवर, त्यानं गंमत म्हणून ठराव मांडला की शाळेत फ्रिस्बी शिकवा. म्हणजे टवाळकी हो, दुसरं काय. मग कौन्सिलची पोरं विरुद्ध शाळेच्या पेपरची पोरं असा सामना झाला आणि पुढं रात्री शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये दिव्यांखाली खेळायला लागली. तोच सिल्व्हर पुढं हॉलिवूडमध्ये गेला, 'डाय हार्ड' आणि 'मॅट्रिक्स' काढणारा. हे ऐकल्यावर वहिनी जरा सैलावल्या. तोवर त्यांना वाटत होतं, हा खेळ खेळणाऱ्यांचं पुढं काही होत नाही.

पण खरी गंमत मंडळाच्या पिकनिकला झाली. तुम्ही तेव्हा इंडियात होतात. आपल्या कोपऱ्यावरच्या मावशी, मिलबर्नच्या शाळांचं कौतुक ऐकून ऐकून आपले कान किटलेत ना? नातवंडं मिलबर्नला, रँकिंग मिलबर्नचं, सॅटचे मार्क मिलबर्नचे. त्या म्हणाल्या, "काय गं, मुलगी ताटल्या फेकते म्हणे तुझी?" वहिनी भेळेत कैरी घालत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, "हो ना मावशी. 1970 साली शाळाशाळांतली पहिलीच मॅच झाली, त्यात तुमच्या मिलबर्नला मेपलवूडच्या पोरांनी 43-10 नं हरवलं होतं." अहो, काय चेहरा झाला मावशींचा! बशी हातातच राहिली. मग सावरून म्हणाल्या, "आमचा नातू टेनिस खेळतो. त्याला निदान अंपायर तरी असतो."

आणि इथं बघा, मावशींनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. कारण अल्टिमेटला अंपायर नाही. फाउल झाला तर खेळणाऱ्यानंच सांगायचं, झाला म्हणून. समोरच्याला पटलं तर ठीक, नाही पटलं तर दोघांनी बोलायचं, आणि तरी जमेना तर डिस्क जाते फेकणाऱ्याकडे परत, जणू काही झालंच नाही. स्पिरिट ऑफ द गेम म्हणतात त्याला. मोठ्या मॅचना ऑब्झर्व्हर म्हणून माणसं उभी असतात, लाइन बघायला, वाद मिटेना तर निवाडा द्यायला. पण ती सगळीकडे नसतात. हे लक्षात ठेवा हं, पुढं लागणार आहे.

तर काय सांगत होते... हां, जून. पहिलीच मोठी ट्रिप ओहायोला, व्हर्सेल्स म्हणून गाव आहे एवढंसं. मिक्स्ड टीम ना त्यांची, मुलं-मुली एकत्र, मैदानावर सात जण, कधी चार मुली तीन मुलगे, कधी उलट. आणि मुक्काम तंबूत! वहिनी म्हणाल्या, मी येते बरोबर. पोरगी म्हणाली, "आई, मी सव्वीस वर्षांची आहे." वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच येते." मिनिव्हॅन घेऊन नऊ-दहा तासांचा रस्ता. आणि त्या गावात जत्रा कसली, तर पोल्ट्री डेज! कोंबड्यांची जत्रा हो! 1950 च्या दशकापासनं चालत आलीये, हजारो माणसं रांग लावून भाजलेल्या कोंबडीच्या थाळ्या नेतात, आणि त्या जत्रेच्या जोडीनं अल्टिमेटची टुर्नामेंट. सगळ्या मैदानावर धूर. आणि वार कुठला? शनिवार. वहिनींचा उपास. भाऊजी म्हणाले, "ही बिचारी वाऱ्याची दिशा बघून खुर्ची हलवत होती दिवसभर."

जातानाची एक गंमत सांगायची राहिलीच. व्हॅनमध्ये पोरीनं एड हेडरिकची गोष्ट सांगितली. हा माणूस व्हॅम-ओ कंपनीतला, आजची फ्रिस्बी सरळ उडते ती यानं तिच्यावर कडा-रेघा आणल्या म्हणून. डिस्क गोल्फचा जनकही यालाच म्हणतात. 2002 मध्ये गेला. आणि इच्छा काय सांगून गेला? माझी राख प्लास्टिकमध्ये मिसळा आणि त्याच्या डिस्क करा! आणि केल्या हो खरंच, दिल्या घरच्यांना, मित्रांना. वहिनी गप्प. पेनसिल्व्हेनिया ओलांडेपर्यंत गप्प. मग एकदम म्हणाल्या, "आपले मामंजी गेले तेव्हा नाशकाला जायला रजा मिळत नव्हती तुम्हाला. आणि हा बघा, मेल्यावरसुद्धा उडतोय." भाऊजींना कळेना हसावं की काय करावं.

बरं, त्या शनिवारी रात्री काय झालं. टीममधली पोरं कोंबडी चापून आली आणि तंबूपाशी बसली, तर वहिनी उपास सोडत होत्या. भाजणीची थालीपिठं नेली होती डब्यात, आणि लसणाची चटणी. टीमचा कॅप्टन आहे ना, तो सहा फुटी, विस्कॉन्सिनचा, त्यानं विचारलं, हे काय आहे? वहिनींनी एक तुकडा दिला. संपलं! दुसऱ्या दिवशीपासनं मॅचच्या मधल्या वेळेत सगळी टीम वहिनींच्या कूलरभोवती. केळी-संत्री कुणी विचारेना. कुणीतरी चटणीला नावसुद्धा ठेवलं, रेड डस्ट. वहिनींनी भाजणीचं पीठ दळायला टाकलं ते आख्ख्या सीझनचं.

जुलैत वाइल्डवूडला गेल्या, आपल्याच जर्सी शोअरला, समुद्रावर, शेकडो टीम येतात तिथं. त्याचं फार काही सांगण्यासारखं नाही, ती मजेची टुर्नामेंट. वाळू काय ती निघाली गाडीतनं अजून.

ऑगस्टमध्ये मात्र... जवळ या जरा. हे कुणाला बोलू नका. म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्याकडनं नको.

पेनसिल्व्हेनियातली टुर्नामेंट होती. ही महत्त्वाची, कारण रँकिंग त्यावर ठरतं. आणि या लोकांचं रँकिंग फार बेरकी असतं हं, नुसतं जिंकून भागत नाही, किती फरकानं जिंकलात तेही धरतात. कमजोर टीमशी जेमतेम जिंकलात तर उलट खाली घसरता. त्यामुळे एकेक पॉइंट जिवावर. आणि वहिनी तोवर पुऱ्या मुरलेल्या. साइडलाइनला खुर्ची, डोक्यावर टीमची कॅप, हातात फोन, सगळं शूटिंग. तर त्यांनी काय सुरू केलं? अंपायरगिरी! "आउट! आउट! शी वॉज आउट!" "फाउल आहे तो, फाउल! ढकललं तिनं!" अर्धं इंग्लिशमध्ये, अर्धं मराठीत. समोरच्या टीममधल्या एका पोराला तर म्हणाल्या, "लाज नाही वाटत?" त्याला वाटलं, चिअर करतायत. त्यानं थँक यू म्हटलं.

मॅच संपली की स्पिरिट सर्कल करतात. दोन्ही टीम आलटून पालटून गोल उभ्या राहतात, खांद्यांवर हात टाकून, आणि एकमेकांना सांगतात काय आवडलं, काय खटकलं. वहिनींना वाटायचं, प्रार्थनाच आहे. त्या दर वेळी मागं उभ्या राहायच्या, लाडवांचा डबा घेऊन, झालं की वाटायला. तर त्या दिवशी समोरची कॅप्टन, अगदी मऊ बोलणारी मुलगी, म्हणाली की तुम्ही छान खेळलात, तुमच्याशी बोलणंही छान झालं, फक्त साइडलाइनवरनं एक बाई सतत कॉल देत होत्या, त्यामुळे आमच्या काही मुलींना अवघडल्यासारखं झालं.

आणि वहिनी तिच्या पाठीमागंच, हातभर अंतरावर. डब्याचं झाकण काढलेलं.

अहो, कुणी बघेना कुणाकडे. तो विस्कॉन्सिनचा बुटांकडे बघतोय. पोरगी लालबुंद. भाऊजींनी सांगितलं ना आमच्या ह्यांना, "मी दुसरीकडे कुठं तरी असतो तर बरं झालं असतं." आणि तेवढ्यात ती मुलगी वळली, तिनं वहिनींना पाहिलं, आणि तिचा चेहरा वहिनींपेक्षा जास्त पडला! मग वहिनींनी काय केलं असेल? काही बोलल्या नाहीत. डबा पुढं केला. तिनं लाडू घेतला. दोन घेतले, वहिनी अजून आठवणीनं सांगतात, दोन घेतले.

पण स्पिरिटचे मार्क आले ते आलेच. दर मॅचनंतर समोरची टीम देते ते, पाच गोष्टींचे, प्रत्येकी शून्य ते चार. दोन म्हणजे नेहमीसारखं, ठीकठाक. म्हणजे वीसपैकी दहा मिळाले तरी कुणी काही म्हणत नाही. यांना मिळाले सात. टीमची मीटिंग झाली. पोरगी घरी येऊन म्हणाली, "आई, तू ये, पण गप्प बस." आणि वहिनींच्या सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉलवर, सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "मी हेच तिला पस्तीस वर्षं सांगतेय."

मग दोन आठवडे अबोला. मला वाटलं संपलं, आता भाजणीचं पीठ आपल्याला मिळणार. पण नाही! वहिनींनी नियमांचं पुस्तक छापून घेतलं. लायब्ररीत जाऊन, पानाला दहा सेंट देऊन! आणि पेन्सिलीनं खुणा. लाइन म्हणजे आउट, लाइनवर पाऊल पडलं तरी आउट. हातात डिस्क असली की चालायचं नाही, एक पाय रोवून उभं राहायचं. दहा आकडे मोजायच्या आत फेकायची, आणि ते आकडे समोरच्यानं मोठ्यांदा मोजायचे, स्टॉलिंग वन, टू, थ्री... हे मोजणं त्यांनी घरी सुरू केलं. भाऊजी सकाळी चहा घेऊन बसले की या ओट्यापाशी, "स्टॉलिंग सिक्स, सेव्हन..." दहाच्या आत भाऊजी उठून आंघोळीला! मी इथनं ऐकलंय, खिडकी उघडी होती.

आता रीजनल्स, म्हणजे नॅशनल्सच्या आधीची फेरी. त्याआधीच्या सेक्शनल्स सोडून देते, त्यात काही नव्हतं, सहज निघाल्या. सप्टेंबरच्या शेवटच्या वीकेंडची गोष्ट. नॅशनल्सला सोळाच टीम जातात, आठ रीजनना एकेक जागा नक्की, बाकीच्या आठ जागा ज्या रीजनच्या टीम रँकिंगमध्ये वर त्यांना मिळतात. आपल्या रीजनची शेवटची एक जागा उरली होती, आणि समोर बॉस्टनची टीम. पंधराचा गेम. चौदा-चौदा झाले. याला युनिव्हर्स पॉइंट म्हणतात, जो करेल तो गेला नॅशनल्सला, दुसरा घरी. वारा असा की तंबूचे खिळे उपटले. वहिनी कोपऱ्यात, एंड झोनच्या लाइनीला लागून खुर्ची टाकून. तोंडातनं शब्द नाही, ओठ आत घेतलेले. फोन सुरू.

विस्कॉन्सिनच्यानं लांब फेकली. वाऱ्यानं ती बाहेरच्या बाजूला वळायला लागली, आणि आपल्या पोरीनं झेप घेतली. लेआउट म्हणतात, अख्खं अंग आडवं, जमिनीपासनं हातभर वर. पकडली! छातीवर आपटली, घसरली, आणि थांबली ती वहिनींच्या खुर्चीच्या पायाला लागून. तिच्यामागं बॉस्टनची लांब वेणीवाली, तीही झेपावलेली, तिच्याच बाजूला पडली.

आपली म्हणाली, इन. वेणीवाली म्हणाली, पायाचं बोट आधी लाइनीवर लागलं, आउट.

या मैदानावर ऑब्झर्व्हर नव्हते. म्हटलं नव्हतं, लक्षात ठेवा?

दोघी तिथंच गुडघ्यांवर बसून बोलत होत्या. नाकातोंडात माती, आपलीच्या कमरेवर तळहाताएवढं खरचटलेलं, त्यात गवताच्या काड्या रुतलेल्या, रक्त आणि हिरवं एक झालेलं. आवाज चढला नाही कुणाचा. "मला तसं वाटलं." "मला असं दिसलं." दोन्हीकडची पोरं कडेला श्वास रोखून. आणि वहिनी, दीड हातावर, फोन त्या लाइनीवरच रोखलेला, सगळं रेकॉर्ड झालेलं, आणि गप्प! वहिनी, अहो, ज्या लग्नात भटजींचं चुकलं तर मांडवातनं सांगतात!

पटलं नाही दोघींना. डिस्क परत विस्कॉन्सिनच्याकडे. त्यानं पुन्हा फेकली, वाऱ्यानं खाली दाबली, सुटली. बॉस्टननं उचलली, दोन पास, एक लांब, झालं. पंधरा-चौदा. तो बिचारा तिथंच बसून राहिला. नॅशनल्सचं विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं त्यानं, नॉन-रिफंडेबल. कुणी सांगितलं होतं आधी काढायला?

आता कुणीही म्हणेल, त्या वेणीवालीशी आपलीचं तोंड बघणं बंद व्हायला हवं. तर नाही! सर्कलमध्ये दोघी शेजारी शेजारी, गळ्यात हात. नंतर पार्किंग लॉटमध्ये एका टेलगेटवर बसून दोघी थालीपीठ खात होत्या, एकाच डब्यातनं. वहिनी मला म्हणाल्या, "मला समजतच नाही हो. तिनं हिची नॅशनल्स घालवली आणि ही तिला चटणी वाढतेय." त्याच टेलगेटवर ठरलं असणार. बॉस्टनची टीम मोठी, पुढच्या वर्षी ये म्हणाली असेल वेणीवाली. रोज रात्री तासतासभर बोलणं चालतं दोघींचं. आणि विस्कॉन्सिनच्याला अजून सांगितलेलं नाही! तो परवा आला होता, डिंकाच्या लाडवांचा रिकामा डबा परत द्यायला. वहिनींनी आत बोलावलं नाही, दारातच बोलल्या. मी बघितलं ना.

पण व्हिडिओ! गाडीत बसल्या बसल्या पोरीनं सांगितलं म्हणे, "आई, डिलीट कर. मला बघायचा नाही." वहिनी हो म्हणाल्या. आणि केला नाही. मला कसं माहीत? अहो, परवा रात्री अकराला मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले, तर त्यांच्या किचनचा दिवा चालू. वहिनी सिंकपाशी उभ्या, फोन अगदी डोळ्यांजवळ, आणि दोन बोटांनी असं असं मोठं करून बघतायत. थांबवलं, मागं नेलं, पुन्हा मोठं केलं. मी डबा ठेवून उभीच राहिले. त्यांनी वर पाहिलं आणि दिवा घालवला.

भाऊजींनी बघितलाय. एकदाच. आमच्या ह्यांनी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाले, "सुंदर पकडली हं तिनं." आता यातनं काय कळायचं? पकडली सुंदरच, प्रश्न पायाचा आहे! वीस वर्षं ऑडिटिंग केलेला माणूस, त्याच्या तोंडनं काय निघणार.

मावशी म्हणतात, इनच असणार, म्हणून तर वहिनी पोरीपासनं लपवतायत, तिला वाईट वाटेल म्हणून. मी म्हणते, मुळीच नाही. इन असती तर वहिनींनी संध्याकाळच्या आत मंडळाच्या ग्रुपवर टाकला असता, लाइनीवर लाल गोल काढून! आउट आहे, म्हणून गप्प आहेत. पण मग हे म्हणतात, आउट असती तर डिलीट नसता का केला? तिथंच माझी गाडी अडते बघा.

ते जाऊ दे. कोजागिरीला माझ्या डेकवर बोलावलंय सगळ्यांना, तुम्ही येताच आहात. वहिनींच्या फोनची बॅटरी गेलेली आहे, आल्या आल्या चार्जर मागतात, आणि तो मी किचनमध्ये लावून ठेवणार आहे, बाहेर नाही. पिन मला माहीत आहे, भाऊजींनी ठेवलेला, 2927. तुम्ही फक्त एक करा, त्यांना बाहेर अडकवून ठेवा. भाजणीचं प्रमाण विचारा, नाहीतर त्या स्पिरिटच्या पाच गोष्टी, अर्धा तास सहज जाईल. आणि मसाला दुधासाठी तुम्ही केशर आणणार आहात ना, तेवढंच आणा, जायफळ नको. जायफळ असलं की त्या एक घोट घेऊन उठतात आणि थेट किचनमध्येच येतात.